विझर्ड एका स्पेलमध्ये संपवतो, फायटर नुसता बसून राहतो

पत्र:

नमस्कार. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाचा, ग्रुप कॉलेजपासूनचा. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षस खेळवणारा. पाच वर्षं एकच कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट, चालू आहे. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. विझर्ड (जादूगार), फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), रोग (rogue, चोरवाटांचा उस्ताद) आणि बार्ड (गायक) अशी पाच पात्रं आहेत आणि सगळी आता अठराव्या लेव्हलला पोचलीत. एक जण बंगळुरूला, एक डब्लिनला, त्यामुळे शनिवारी रात्री ऑनलाइन खेळतो. गेल्या महिन्यात कॅम्पेनचा मुख्य खलनायक, एक लिच (मेलेला, पण जादूने टिकून राहिलेला जादूगार), अखेर समोर आला. दीड वर्ष त्याची तयारी करत होतो. दोन राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या दोन-दोन पाळ्यांत, खलास! विझर्डने मीटिओर स्वार्म हा उल्कांचा स्पेल (मंत्र) टाकला, उरलेलं काम रोगने केलं. फायटरची पाळी आली तेव्हा मारायला कोणी उरलंच नव्हतं. त्याच्या आधीच्या लढाईत तो डॉमिनेट होऊन, म्हणजे मन शत्रूच्या ताब्यात जाऊन, तासभर बसून होता. आता तो 'बघतो, जमलं तर येतो' म्हणायला लागलाय. दुसऱ्या बाजूला चार राउंडची लढाई असली की तीन तास जातात. कॅम्पेन संपवायचं मात्र कुणाच्याच मनात नाही. मी २००२चं एपिक लेव्हल हँडबुक (तिसऱ्या आवृत्तीचं, विसाव्याच्या पुढच्या लेव्हलचं पुस्तक) मिळवलंय, आणि विसाव्या लेव्हलच्या पुढे न्यावं असं वाटतंय. विझर्डचे काही स्पेल काढून टाकू का? राक्षसांचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतील तो आकडा, दुप्पट करू का? की सरळ २०२४च्या नियमांवर जाऊ?
– एक डीएम, पुणे

उत्तर:

नमस्कार.

मोठ्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. स्पेल काढू नका. हिट पॉइंट दुप्पट करू नका. विसाव्या लेव्हलच्या पुढेही जाऊ नका. २०२४च्या नियमांचं शेवटी बघू.

पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमच्या फायटरवाल्या मित्राची. 'जमलं तर येतो' हे सुरू झालं की थोड्या दिवसांनी तो माणूस खरंच येईनासा होतो, आणि पाच वर्षांचा ग्रुप अशाच एका जागेवरून विस्कटायला लागतो. म्हणून पुढचं सगळं त्याला डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

आधी लिचचा हिशेब. २०१४च्या पुस्तकातल्या लिचला १३५ हिट पॉइंट आहेत. मीटिओर स्वार्मला सहा बाजूंचे चाळीस फासे पडतात आणि त्यांची सरासरी १४० येते. सेव्ह, म्हणजे बचावाचं दान, फसला तर लिच तिथेच राख. लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह यशस्वी धरायची सवलत) वापरून त्याने सेव्ह काढला तरी ७० गेलेच, आणि उरलेले ६५ काढायला बाकीच्या चौघांना एक राउंड पुरतो. तुमच्या फायटरचंच बघा. ॲक्शन सर्ज (जादा कृतीची मुभा) वापरला तर एका टर्नमध्ये (पाळीत) सहा वार. हातात दोन्ही हातांची तलवार, ती चांगली जादूची, तर एका वाराचे सरासरी पंधरा. सगळे वार लागले तर ९० झाले. लिच एकटा, मोकळ्या दालनात, समोरासमोर उभा राहिला की त्याचं हेच होणार. तुम्ही दीड वर्ष तयारी केली म्हणून त्याच्या अंगात एकही हिट पॉइंट जास्त येत नाही.

ते दुप्पट केले असते तर? २७० झाले असते आणि लढाई दोनाऐवजी चार राउंड चालली असती. चार राउंडला तुमच्याकडे तीन तास लागतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तोच निकाल, फक्त रात्री एक वाजता, आणि फायटरवाला तोवर फोन चाळत बसलेला.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही म्हणून विचारतो: फिलॅक्टरी, म्हणजे लिचचा आत्मा ठेवलेली वस्तू, नष्ट केली का? नसेल तर तुमचा लिच मेलेला नाही. पुस्तकाप्रमाणे एक ते दहा दिवसांत त्याला फिलॅक्टरीच्या शेजारी नवं शरीर मिळतं, सगळे हिट पॉइंट परत येतात. आणि आता त्याला ठाऊक आहे की तुमचा विझर्ड काय टाकतो, रोग कुठून येतो आणि फायटरचं मन किती सहज ताब्यात घेता येतं. तुमच्या खलनायकाची दुसरी आणि जास्त चांगली बाजू अजून खेळायची शिल्लक आहे. दीड वर्ष वाया गेलं असं मुळीच समजू नका.

आता मुद्द्याचं. पाचव्या लेव्हलला टेबलावर एकच प्रश्न असतो: हे आपल्याला जमेल का? अठराव्या लेव्हलला जमतंच. दरी असली तर उडून जातील, तुरुंग असला तर दुसऱ्या जगात निघून जातील, कोणी मेला तर उठवतील. तुम्ही अजून पहिलाच प्रश्न विचारताय, फक्त आकडे वाढवून, आणि तो प्रश्न त्यांनी कधीच सोडवून टाकलाय. आता त्यांना विचारायचं ते हे: तुम्हाला सगळीकडे पोचता येणार नाही, मग कुठे जाणार? आणि जिथे जाणार नाही, तिथल्या माणसांना काय तोंड दाखवणार?

यासाठी नवे नियम लागत नाहीत. विझर्डचं स्पेल-स्लॉटचं कोष्टक समोर घ्या; एक स्पेल टाकला की त्या पातळीचा किंवा वरचा एक स्लॉट खर्च होतो. अठराव्या लेव्हलला त्याच्याकडे नवव्या पातळीचा एक, आठव्याचा एक, सातव्याचा एक आणि सहाव्याचा एक स्लॉट असतो. संपूर्ण दिवसात मोठे म्हणावेत असे स्लॉट चारच! तो सर्वशक्तिमान वाटतो, कारण तुम्ही त्याला दिवसाला एकच मोठी लढाई देताय आणि हे चारही एका जागी ओतायची मुभा देताय. २०१४चं डीएमचं पुस्तक एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरून चालतं. तेवढ्या चकमकी शनिवारच्या तीन तासांत बसणार नाहीत, हे मलाही कळतं. पण खेळातला एक दिवस एकाच सेशनमध्ये संपला पाहिजे असं कुठे आहे? एक दिवस तीन शनिवार चालू दे. लाँग रेस्ट, म्हणजे स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती, मिळाली तर तिसऱ्या शनिवारनंतर.

असं करून बघा. लिच परत आलाय आणि यावेळी तो स्वतः समोर येत नाही. एकाच पहाटे तीन बातम्या येतात. राजधानीला प्रेतांच्या फौजेने वेढा घातलाय. बार्डने तिसऱ्या वर्षी ज्या गावाला शब्द दिला होता, तिथल्या विहिरीतून काळं पाणी येतंय. आणि क्लेरिकच्या मंदिराचा मुख्य पुजारी रातोरात नाहीसा झालाय, फिलॅक्टरी कुठे आहे हे कदाचित फक्त त्यालाच ठाऊक आहे. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून शेकडो मैल. विझर्ड म्हणेल, टेलिपोर्ट. जरूर. टेलिपोर्ट सातव्या पातळीचा स्पेल आहे, म्हणजे तिथेच सातवा स्लॉट गेला. दुसऱ्यांदा जायचं तर आठवा जाळा. तिसऱ्यांदा जायचं तर नववा, आणि मग आज मीटिओर स्वार्म नाही, विश (इच्छा पुरवणारा स्पेल) नाही, काही नाही. कुणी म्हणेल की टेलिपोर्टेशन सर्कल पाचव्या पातळीवर आहे. आहे, पण तो फक्त कायमच्या वर्तुळापाशी नेतो, आणि विहीरवाल्या गावात असं वर्तुळ कशाला असेल?

इथे विझर्डची कुठलीही ताकद तुम्ही काढून घेतलेली नाही. उलट तिला पहिल्यांदाच किंमत आली. पाचही जण मिनिटभर गप्प होतील आणि मग एकदम बोलायला लागतील. त्या वादात तुम्ही पडू नका, चालू दे. अठराव्या लेव्हलचा खेळ तिथेच असतो.

आता फायटर. तुमच्या मित्राला वाटत असेल की आपण चुकीचा क्लास निवडला. त्याला या खेळाचा थोडा इतिहास सांगा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हापासून वरच्या लेव्हलच्या फायटरला किल्ला बांधून आजूबाजूच्या मुलखाचा कारभार करता येत असे. त्यानंतरच्या ॲडव्हान्स्ड आवृत्त्यांत नवव्या लेव्हलच्या फायटरकडे शिपाई आपणहून चाकरीला येत. विझर्डला स्पेल, फायटरला सैन्य, असा तो हिशेब होता. १९८४ साली फ्रँक मेंट्झरने लिहिलेला कंपॅनियन संच आला, पंधरा ते पंचवीस लेव्हलसाठी. त्यात मुलूख कसा चालवायचा, प्रजेचा विश्वास कसा मोजायचा, याचे सविस्तर नियम होते. मोठ्या लढायांसाठी वॉर मशीन नावाची पद्धत होती: दोन्ही सैन्यांचं बळ एकेका आकड्यात मांडायचं, त्यात शंभरच्या फाशाचं दान मिळवायचं आणि फरकावरून निकाल लावायचा. मग २००० साली तिसरी आवृत्ती आली. विझर्डचे स्पेल राहिले आणि फायटरची माणसं गेली. अनुयायी हवे असतील तर लीडरशिप नावाचं फीट (खास कौशल्य) वेगळं घ्यायचं, तेही डीएमने हो म्हटलं तर. फायटरच्या वाट्याची अर्धी गोष्ट तेव्हा गेली आणि ती पुढे नीटशी परत आलीच नाही. तुमचा मित्र कंटाळलाय त्यामागे हे आहे.

मग ती परत द्या. राजधानीच्या वेढ्याची सूत्रं त्याच्याकडे सोपवा, आणि उत्तर दरवाज्यापाशी काय चाललंय ते जवळून दाखवा. तीन नायक नावानिशी तयार करा. एक म्हातारी तिरंदाज, जी दुसऱ्या वर्षीच्या लढाईत यांच्यासोबत होती. एक तरुण सरदार, ज्याला माघार हा शब्द ऐकवत नाही. एक भरती झालेला सुतार, जो फक्त दरवाजा टिकवायचं बघतोय. दर तासाला फायटरसमोर एक निर्णय ठेवा. दोनशे माणसं भिंतीवर आहेत आणि पूर्वेच्या बुरुजाला भगदाड पडलंय. सुतार सांगतो, दरवाजा अर्धा तास धरेल. सरदार बाहेर पडून हल्ला करायची परवानगी मागतो. आता बोला, सेनापती! एक दान त्याने टाकायचं, परिणाम तुम्ही सांगायचा, आणि ज्या नायकाला तो पाठवेल त्या नायकाची भूमिका बार्ड किंवा रोग खेळणाऱ्याला द्यायची, म्हणजे तेही मोकळे बसत नाहीत. दोन तासांनी भिंतीखाली प्रेतांचा सेनानी येईल. तेव्हा फायटर स्वतः खाली उतरू दे आणि सहा वार करू दे. त्या वेळी विझर्ड शेकडो मैलांवर आपला शेवटचा मोठा स्लॉट वाचवत बसलेला असेल. तलवारीला स्लॉट लागत नाही. हे त्याला आणि विझर्डला एकाच वेळी जाणवलं पाहिजे.

डॉमिनेटचं दुखणं मात्र वेगळं, आणि ते नियमांतच आहे. पाचव्या आवृत्तीत प्रॉफिशियन्सी, म्हणजे शिकलेल्या गोष्टीत फाशात मिळवायचा आकडा, दोनपासून सहापर्यंत वाढते, पण ज्या सेव्हमध्ये ती नाही तो सेव्ह जिथल्या तिथे राहतो. फायटरचा विज्डम (मनाच्या बळाचा गुण) १० असेल तर पहिल्या लेव्हलला त्याचा सेव्ह शून्य होता, आजही शून्यच आहे. पहिल्या लेव्हलला समोरचा डीसी (फाशाने गाठायचा आकडा) तेराच्या आसपास होता. तुमच्या लिचचा डीसी वीस आहे. वीस बाजूंच्या फाशावर वीसच पडलं तर वाचला. इंडॉमिटेबल या फायटरच्या गुणाने फासा पुन्हा टाकता येतो हे खरं, पण शून्यावर पुन्हा टाकून किती फरक पडणार? याला दुर्दैव म्हणता येणार नाही. दर लढाईत हेच होणार हे आधीच ठरलेलं आहे.

इथे तुम्ही मुद्दाम हात पुढे करा. रेझिलियंट फीट विज्डमसाठी त्याला कथेतून बक्षीस म्हणून द्या. अठराव्या लेव्हलला त्याने सेव्हमध्ये सहा आणि विज्डमचा एक अंक मिळतो. वाचलेल्या पुजाऱ्याने, ज्याचं स्वतःचं मन लिचने पोखरलं होतं, त्याला शिकवलं असं दाखवता येईल. विझर्डवाल्यालाही आठवण करून द्या की आठव्या पातळीचा माइंड ब्लँक चोवीस तास टिकतो आणि मन ताब्यात घेणारे स्पेल त्यापुढे चालत नाहीत. आपला एकुलता एक आठवा स्लॉट त्याने सकाळीच मित्रावर खर्च केला, तर त्या दोघांमध्ये जे घडेल ते कुठल्याही लढाईपेक्षा मोलाचं आहे. आणि तरीही कधी डॉमिनेट झालाच, तर त्याला बसवून ठेवू नका. लिचचा हुकूम त्याला खासगी मेसेजमध्ये पाठवा आणि सांगा, आता तुझी तलवार यांच्यावर, तूच खेळ, जीव लावून खेळ. खेळाडूची टर्न हिरावून घेणारा स्पेल वरच्या लेव्हलला मी शक्यतो टाळतो. त्याच्यासमोर वाईट पर्याय ठेवणारा स्पेल हवा तेवढा वापरतो.

तुम्ही मिळवलेलं एपिक लेव्हल हँडबुक जरूर वाचा. मला ते मनापासून आवडतं, कारण पुढची लेव्हल काय असेल ही भूक या खेळात पहिल्यापासून आहे आणि त्या पुस्तकाने तिला गांभीर्याने घेतलं. १९७६च्या एका पुरवणी पुस्तकात तर देवांनाच हिट पॉइंट देऊन टाकले होते. भारतीय देवांचंही त्यात प्रकरण होतं. चाळीसच्या पुढच्या लेव्हलची पात्रं उधळत बसणाऱ्या डीएमना आळा बसावा, असं त्याच्या प्रस्तावनेत लिहिलेलं होतं. व्हायचं ते उलटंच झालं, लोक देवांना मारायला निघाले. १९८८ साली थ्रोन ऑफ ब्लडस्टोन नावाचं अधिकृत ॲडव्हेंचर छापलं गेलं, अठरा ते शंभर लेव्हलच्या पात्रांसाठी.

२००२च्या पुस्तकाने एक खरी अडचण ओळखली होती. तिसऱ्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलला फायटरचा मूळ अटॅक बोनस (वाराच्या फाशात मिळवायचा आकडा) वीस आणि विझर्डचा दहा असतो. तसंच पुढे चालू ठेवलं तर चाळिसाव्या लेव्हलला एकाचा चाळीस, दुसऱ्याचा वीस. फासा मात्र वीस बाजूंचाच! एकाचा वार चुकणं अशक्य आणि दुसऱ्याचा लागणं अशक्य, मग फासा टाकायचाच कशाला? म्हणून त्यांनी विसाव्यानंतर सगळ्यांची वाढ एकाच गतीने ठेवली: एका लेव्हलला अटॅक एकाने वाढतो, पुढच्या लेव्हलला सेव्ह. हे शहाणपणाचं होतं. पण त्याच पुस्तकातले एपिक स्पेल बघा. ते खेळाडूने स्वतः जुळवायचे, आणि स्पेल तयार करायचा खर्च म्हणजे अंतिम डीसीच्या नऊ हजार पट सोनं. ऐकायला जबरदस्त आहे. फक्त विधीत जास्त जादूगार सामील केले, स्वतःच्या अंगावर इजा घेतली, वेळ वाढवला की डीसी उतरत जातो, आणि हुशार खेळाडू तो शून्यावर आणतो. शून्याच्या नऊ हजार पट म्हणजे फुकट. तुमचा विझर्डवाला ते पुस्तक एका आठवड्यात पिळून काढेल आणि फायटर आज आहे त्याहून मागे पडेल.

शिवाय ते आकडे तुमच्या आवृत्तीत बसतच नाहीत. त्या पुस्तकात ढगावर तोल सांभाळायचा डीसी १२० आहे. तुमचा रोग एक्स्पर्टाइज (दुप्पट प्रॉफिशियन्सी) धरून जास्तीत जास्त १७चा बोनस मिळवतो, म्हणजे वीस पडले तरी ३७. त्यापेक्षा त्याच्या रिलायबल टॅलेंटकडे बघा: फाशावर दहाच्या खाली काही पडलं तरी दहाच धरतात. आपल्या आवडत्या कामात तो २७च्या खाली कधी येतच नाही. मग त्याला फासा टाकायला लावू नका. तो कुठल्याही कुलपातून जातो हे गृहीत धरा आणि आत काय आहे ते रंगवून सांगा.

विसाव्यानंतर खेळायचंच असेल तर २०१४च्या डीएमच्या पुस्तकातच सोय आहे: ३,५५,००० एक्सपीच्या (अनुभवाच्या गुणांच्या) पुढे दर ३०,०००ला एक एपिक बून, म्हणजे वरदान. लेव्हल तीच राहते, पात्राला एक नवी गोष्ट मिळते. कॉम्बॅट प्रॉवेसचा बून असलेल्याचा चुकलेला वार, हवा तेव्हा एकदा, लागलेला धरला जातो. शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) झाली की पुन्हा वापरता येतो. फायटरसाठी हा मला फार आवडतो. ज्याला विझर्डचं अजून कौतुक करायचंय त्याने हाय मॅजिकचा बून द्यावा, त्याने नवव्या पातळीचा दुसरा स्लॉट मिळतो. तुमच्या टेबलावर मी तो देणार नाही.

स्पेल काढू नका असं म्हटलं, पण दोन गोष्टी विझर्डवाल्याशी मोकळेपणाने बोलून ठरवून घ्या, तेही सेशनच्या बाहेर. पहिली: सिम्युलेक्रमने, म्हणजे बर्फाच्या जुळ्याने, विश टाकायचा नाही. त्या साखळीतून फुकटचे विश निघतात आणि कॅम्पेन तिथेच संपतं. त्याला हे आधीच माहीत असणार, आणि त्याने अजून केलं नाही याचा अर्थ त्यालाही खेळ टिकवायचाय. दुसरी: विशने आठव्या पातळीपर्यंतचा स्पेल हवा तसा टाकावा, त्यात काही वाद नाही. त्यापलीकडचं काही मागायचं असेल तर विश कायमचा जाण्याची शक्यता ३३ टक्के आहे, हे सांगून ठेवा. मागणी शब्दात पकडून उलटवायचा जुना खेळ मात्र करू नका. पाच वर्षांच्या मित्राने एखाद्या गोष्टीसाठी विश पणाला लावला, तर त्याला काय हवंय हे आपल्याला कळतं. ते द्या, आणि जगात त्याचा काय पडसाद उमटतो ते दाखवा.

मरणाची भीती आता चालणार नाही, तिचा नाद सोडा. हजार गोल्डचा हिरा असला की सातव्या पातळीवर रेझरेक्शन होतं, आणि पंचवीस हजारांचे हिरे असले तर दोनशे वर्षांपूर्वी मेलेलाही उठतो. मात्र आत्मा मोकळा आणि राजी असावा लागतो. राजी नसलेला आत्मा ही केवढी मोठी गोष्ट आहे! राजधानी वाचवताना ज्या गावाकडे पाठ फिरवली, तिथला पोरगा परत यायला नाही म्हणतो. क्लेरिकवाल्याला यावर एक पूर्ण शनिवार द्या. हिऱ्याने परत येत नाहीत अशा गोष्टी शोधा: तह, दिलेला शब्द, जळलेलं ग्रंथालय, एका गावाचा विश्वास.

वेळेचं थोडक्यात. राक्षसांचं डॅमेज सरासरीने सांगा, फासे मोजत बसू नका. वीस प्रेतांचे सेव्ह सेशनच्या आधी टाकून कागदावर लिहून ठेवा. एकाची टर्न सुरू झाली की पुढच्याला सांगा, आता तू. ज्याला स्पेल शोधायचाय त्याने आपल्या टर्नपूर्वी शोधावा. बोलावलेले प्राणी एका खेळाडूचे दोनपेक्षा जास्त नकोत. आणि प्रत्येक लढाईला मारामारीपलीकडचं एक उद्दिष्ट द्या, म्हणजे चौथ्या राउंडला विधी पूर्ण होतो, तिसऱ्याला दरवाजा पडतो असं काही. निकाल हिट पॉइंटवर अवलंबून राहिला नाही की लढाई लांबत नाही.

राहता राहिला शेवट. कोणालाच संपवायचं नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, त्यांना निरोप घ्यायचा नाहीये, आणि ते वेगळं आहे. २००८च्या चौथ्या आवृत्तीने लेव्हल तीसपर्यंत नेल्या, आणि एकविसाव्या लेव्हलला प्रत्येक पात्राने एक एपिक डेस्टिनी निवडायची असे. त्या नियतीत पात्राचा शेवट कसा होईल तेही लिहिलेलं असे: एखादा अमर होतो, एखादा दंतकथेत विरून जातो. त्या आवृत्तीवर लोकांनी पुष्कळ टीका केली, त्यातली बरीच रास्त होती, पण ही एक कल्पना उचलण्यासारखी आहे. पाचही जणांना वेगवेगळा फोन करा आणि विचारा: तुझं पात्र या जगात मागे काय ठेवून जाणार? डब्लिनवाल्याला रात्रीची वेळ बघून करा, म्हणजे घाईत उत्तर देणार नाही. पाच उत्तरं मिळाली की उरलेल्या सेशन्सचा आराखडा आपोआप समोर येईल.

मग विसाव्या लेव्हलला, लिचच्या खऱ्या शेवटानंतर, थांबा. दोन आठवडे सुट्टी घ्या. आणि त्याच जगात, शंभर वर्षांनंतर, पहिल्या लेव्हलपासून परत सुरू करा. फायटरने वाचवलेल्या राजधानीच्या उत्तर दरवाज्याला आता त्या सुताराचं नाव आहे. विझर्डची अकादमी आहे आणि तिच्या तळघरात कोणी जात नाही. बार्डचं एक गाणं सगळ्यांना येतं, त्यातलं एक कडवं चुकीचं, आणि ते चुकीचं आहे हे फक्त बार्डवाल्यालाच ठाऊक. जुनी पात्रं अशी जास्त जगतात. पहिल्याच सेशनमध्ये डीएमची खुर्ची फायटरवाल्याला देऊन बघा, तुम्हालाही पाच वर्षांनी खेळाडू होता येईल.

आता २०२४चे नियम. कॅम्पेन संपत आलेलं असताना सगळी पात्रं नव्याने बांधायला लावू नका. अर्धे शनिवार त्यातच जातील आणि फोर्सकेजला (जादूच्या पिंजऱ्याच्या स्पेलला) आता कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला धरायचं लक्ष) लागतं की नाही यावर वाद होतील. (लागतं. तेवढा एक बदल आजपासून घेतलात तरी चालेल.) पण त्या पुस्तकातली एक गोष्ट तुमच्या अगदी वेळेवर आलीय: एकोणिसाव्या लेव्हलला प्रत्येक क्लासला एपिक बून मिळतो आणि त्यासोबत एक ॲबिलिटी (विज्डमसारखा मूळ गुण) तीसच्या मर्यादेपर्यंत एकाने वाढवता येते. तुमची पात्रं अठराव्याला आहेत. फक्त ते पान घ्या, पाचही जणांना आत्ताच पाठवून द्या, आणि फायटरवाल्याला दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे या शनिवारी बोलायला त्याच्याकडे काहीतरी असेल.